गणपतीला गावी निघायच्या आधी दोन दिवसांत गाडीचा पेंट: क्ले बार आणि सिरॅमिक स्प्रेचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी डिटेलिंगवाला, म्हणजे गाड्या बारकाईने साफ-पॉलिश करून देणारा, वगैरे नाही, आयटीत आहे, कोथरूडला राहतो आणि गाडी म्हणजे २०१९ ची बलेनो, ती निळी, जिच्यावर धूळ, पाण्याचे डाग, ओरखडे सगळं लांबून दिसतं. पांढरी घे म्हणून बायको सांगत होती, ऐकलं नाही, आता भोगतोय.

तर झालं असं की २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला, बुधवारी. आमचं घर गुहागरजवळ, त्यामुळे सोमवारी रात्री निघायचं हे ठरलेलं, आणि शनिवारी दुपारी पार्किंगमध्ये मखराचं थर्माकोल नव्हे, हल्ली ते चालत नाही, पुठ्ठ्याचं मखर डिकीत बसतंय का बघायला गेलो आणि ट्यूबलाइटखाली बॉनेट नीट बघितलं. अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. आमच्याकडे रोज सकाळी गाड्या पुसायला एक दादा येतात, माणूस सोन्यासारखा, पण एकच बादली आणि एकच फडकं घेऊन वीस गाड्या पुसतात, त्यातल्या एकोणिसाव्या नंबरावर माझी. मग दुसरं काय होणार.

ओरखड्यांचं जाऊ दे, खरी भीती वेगळी होती. मागच्या वर्षी गावाला गाडी आंब्याखाली लावली होती, टपावर कावळ्याने घाण केली, ती दिवसभर उन्हात वाळली आणि तिथे जी गोल किनार उठलीये ती आजपर्यंत गेलेली नाही. त्यात वरून समुद्राची खारी हवा, अंगणातली लाल माती, आणि हायवेचं काम तर आपल्या हयातीत संपलं तर बघू, त्यामुळे डांबराचे काळे ठिपके. म्हटलं यंदा काहीतरी अंगावर घालूनच न्यायची हिला.

पहिला फोन केला तो एका डिटेलिंगच्या दुकानाला. नाव लिहीत नाही. सिरॅमिक कोटिंगचे, म्हणजे पेंटवर बसणाऱ्या कडक संरक्षक थराचे, अठरा हजार सांगितले, ठीक आहे, रेट असतातच तसे, पण म्हणाला, "सर उद्या सकाळी सोडा, संध्याकाळी घेऊन जा, नाइन एच आहे, दगडाने घासलं तरी ओरखडा येणार नाही." इथे माझं डोकं फिरलं. एक तर ते नाइन एच म्हणजे पेन्सिलचा कडकपणा मोजायची मापपट्टी आहे, नाइन बी ते नाइन एच, हिऱ्या-दगडाची नाही. दुसरं म्हणजे खऱ्या कोटिंगच्या आधी मशीनने पॉलिश करून ओरखडे काढावे लागतात, नाहीतर ते सगळे जाळे कोटिंगच्या खाली तसेच बंद होऊन बसतात, आणि लावल्यावर पुढचे काही दिवस पाण्यापासून जपावी लागते. ऑगस्टात? सोमवारी ताम्हिणी उतरायची असताना? जाऊ दे म्हटलं.

हे शोरूमवाल्यांनी गाडी घेताना पण केलं होतं, टेफ्लॉन कोटिंगचे साडेपाच हजार बिलात आधीच टाकलेले, मी पण नवी गाडी नवी गाडी करत भरून मोकळा. नंतर कळलं की टेफ्लॉन वितळतंच मुळी ३२७ डिग्रीला, तव्यावर बसवायला ते भट्टीत तापवावं लागतं, इथे पोराने पंधरा मिनिटं फडक्याने चोळून दिलं की झालं कोटिंग. सहा महिन्यांत कुठे गेलं ते त्यालाच माहीत.

असो. माझ्याकडे हातात होता शनिवार संध्याकाळ ते रात्र आणि रविवारची सकाळ, कारण रविवारी दुपारी बायकोबरोबर मंडई आणि तुळशीबाग ठरलेलं, त्यात बदल नाही. म्हणजे धरून चाला सात तास. एवढ्यात काय करायचं आणि काय सोडायचं, खरा प्रश्न हा होता, आणि माझं मत असं झालं की ओरखड्यांच्या नादाला लागायचंच नाही. मशीन पॉलिश पहिल्यांदाच, तेही घाईत, आणि रंगावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, जाडी किती, तर ४० मायक्रॉनच्या आसपास, आपल्या डोक्याचा केस त्याहून जाड असतो. कडेला मशीनचं पॅड जरा जास्त वेळ टेकलं की पेंट उडालाच. ओरखडे दिसतात वाईट, पण ते गाडीला खात नाहीत. खातं ते वर चिकटून बसलेलं आणि वरून पडणारं. म्हणून ठरवलं की नीट धुवायची, चिकटलेलं काढायचं, आणि वर पटकन लागणारं काहीतरी मारायचं. तेवढंच.

घेतलेला माल: मेग्वायर्सचा क्ले किट (क्ले म्हणजे पेंटवर चिकटलेले कण ओढून काढणारी माती), ज्यात क्लेबरोबर वंगणासाठी स्प्रे येतो (मेग्वायर्स २००८ पासून थ्री एमचीच कंपनी आहे, म्हणून मिळायला पण सोपी), टर्टल वॅक्सचा हायब्रिड सिरॅमिक स्प्रे, एक साधा आयर्न रिमूव्हर, मेडिकलमधून आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते स्पिरिटसारखं असतं ते, आणि मायक्रोफायबरची सात-आठ फडकी. शाम्पू घरात होता. सगळं मिळून साधारण साडेतीन हजारांत बसलं, फडकी धरून. क्ले आणि स्प्रे दोन्ही आधीच सेलमध्ये घेऊन कपाटात पडले होते, ते किती महिने पडले होते हे बायकोला विचारू नका.

आता शनिवार. साडेचारला जवळच्या वॉशिंग सेंटरला गेलो, कारण सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, पंपरूमशेजारच्या नळावर बादलीने काय करायचं ते करा. सेंटरवाल्याला स्पष्ट सांगितलं की फक्त खालून-वरून प्रेशर मार, फोम मार, धुऊन काढ, पुसू नको. हो हो म्हणाला. मी पैसे द्यायला वळलो तेवढ्यात एक पोरगा काळंकुट्ट फडकं घेऊन दरवाजा पुसायला लागला. पळत गेलो. एक दरवाजा गेलाच होता. असू दे, जाळ्यांत अजून एक जाळं.

घरी आणून परत दोन बादल्यांनी धुतली, एकात शाम्पू, एकात साधं पाणी, प्रत्येक वेळी हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा मग शाम्पूत बुडवायचा. हे लोकांना खूळ वाटतं पण शेवटी त्या साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी जी रेती बसली होती ती बघून वॉचमन काकापण म्हणाले, "एवढी?" हो, आणि ही प्रेशर वॉशनंतरची. एका बादलीत केलं असतं तर हीच रेती मी परत गाडीवर घासली असती. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर वापरू नका एवढंच सांगतो, जे काही थोडंफार वॅक्स असेल ते पण निघून जातं.

मग आयर्न रिमूव्हर. हा प्रकार मी पहिल्यांदा वापरला आणि जाम मजा आली. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे बारीक कण पेंटमध्ये रुतून गंजतात, हे मारलं की तीन-चार मिनिटांत ते जांभळे होऊन ओघळायला लागतात. बॉनेटवर फारसं काही नाही, पण मागच्या दरवाजाच्या खालच्या बाजूला आणि चाकांवर असे जांभळे ओघळ की वरच्या मजल्यावरची लहान मुलगी आईला ओरडून सांगत होती, गाडीला रक्त येतंय. वास मात्र भयंकर, सडक्या अंड्याचा. पार्किंगमध्ये मारलंत तर शिव्या खाल, मी खाल्ल्या. आणि वाळू द्यायचं नाही, अर्धी अर्धी गाडी घ्या आणि धुऊन टाका. वेळ कमी असेल तर पूर्ण गाडीवर मारायची गरजही नाही, चाकं, दरवाजांचे खालचे भाग आणि डिकीचं दार एवढं केलं तरी पुरतं.

आता क्लेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्या कामात फरक पडला तो इथे. धुतलेली गाडी दिसायला स्वच्छ असते, हात फिरवला तरी गुळगुळीत वाटते. पण चितळ्यांच्या दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन हातात मोज्यासारखी घाला आणि तोच हात ओल्या बॉनेटवरून हलका फिरवा. मी फिरवला आणि अक्षरशः पॉलिश पेपरवरून हात गेल्यासारखं, खर्रर्र. पिशवीच्या पातळ प्लास्टिकमुळे बोटाला न कळणारे कण कळतात. मेट्रोच्या कामाचं सिमेंट म्हणा, डांबर म्हणा, झाडाचा चीक म्हणा, सहा वर्षांचं सगळं तिथे बसलेलं होतं.

क्ले म्हणजे दिसायला आपली लहान मुलांची खेळायची माती. लिंबाएवढा तुकडा तोडायचा, हातात मळून बिस्किटासारखा चपटा करायचा, पॅनेलवर वंगणाचा स्प्रे भरपूर मारायचा आणि वजन न देता सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. सुरुवातीला क्ले अडखळते, चर्र चर्र आवाज येतो, आणि सात-आठ फेऱ्यांनंतर एकदम आवाज बंद होऊन ती पाण्यावर सोडल्यासारखी सरकायला लागते. तो क्षण कळतोच, सांगावा लागत नाही. मग उलटून बघितलं तर पिवळी क्ले राखाडी झालेली. परत मळायची, स्वच्छ बाजू वर आणायची, पुढचा तुकडा. बॉनेटला मला बारा मिनिटं लागली, अख्ख्या गाडीला तासाच्या वर थोडं. वंगणात कंजुषी केली की ओरखडे पडतात, माझ्याकडून पुढच्या उजव्या फेंडरवर पडले, बारीक आहेत पण आहेत, चूक माझीच, स्प्रे संपेल म्हणून वाचवत होतो. नंतर बादलीत शाम्पूचं पाणी करून तेच वंगण म्हणून वापरलं, चाललं व्यवस्थित.

आणि हो, खाली पडली तर टाकून द्या. धुऊन वापरतो म्हणू नका, तिच्यात रुतलेली वाळू निघत नाही. माझा अर्धा तुकडा पडला, पाच सेकंद बघत उभा होतो, जीवावर आलं पण टाकला. डांबराचे ठिपके मात्र क्लेने घासत बसू नका, ते टार रिमूव्हरने किंवा सरळ रॉकेलच्या बोळ्याने आधी काढा आणि शाम्पूने तो भाग धुवा. हे रॉकेलचं बाबांकडून शिकलो, ते त्यांच्या पद्मिनी गाडीला दर दिवाळीला रॉकेलने पुसून मग वॅक्सपोल पॉलिश लावायचे, दोन तास चोळायचे, आणि मग दुपारी जेवायला बसले की हात वर होत नसे. आता रॉकेल मिळवणंच अवघड, मला शेजारच्या काकूंकडे जुन्या बाटलीत सापडलं.

रात्री सव्वानऊला गाडी पुसून मोकळा झालो. पिशवी परत फिरवली, काचेसारखं. खरं सांगू, इथेच थांबलो असतो आणि वर काहीच मारलं नसतं तरी गाडी निम्मी नवी दिसत होती.

रविवारी सकाळी साडेसातला खाली. रात्रीत बसलेली धूळ कोरड्या फडक्याने ओढली नाही, परत एक बादली पाणी मारून पुसून घेतली. मग निम्मं पाणी निम्मं आयपीए फडक्यावर घेऊन एकदा सगळीकडून फिरवलं म्हणजे वंगणाचा तेलकटपणा जातो आणि वरचं नीट धरतं. ही पायरी लोक सोडतात, दहा मिनिटांची आहे, सोडू नका.

आता टर्टल वॅक्सचा तो स्प्रे. काम एवढं सोपं की संशय येतो. एका वेळी एकच पॅनेल, दोन-तीन फुसकारे, एका फडक्याने पसरवा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने उलटसुलट पुसा, झालं. पारंपरिक वॅक्ससारखं वाळायची वाट बघणं नाही. (ते पिवळं कार्नौबा वॅक्स असतं ना, ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरून निघतं, झळाळी त्याचीच सगळ्यात भारी, पण आपल्याकडच्या उन्हात आणि पावसात दीड-दोन महिन्यांच्या वर टिकल्याचं मी तरी बघितलं नाही.) अख्खी गाडी चाळीस मिनिटांत. वास छान, फळांसारखा, आदल्या दिवशीच्या अंड्यांवर उतारा.

गोंधळ मी घातलाच. मध्येच नारळ आणि दूध आणायला गाडी घेऊन गेलो, येऊन लगेच बॉनेटवर स्प्रे मारला, बॉनेट इंजिनने गरम, आणि जास्त छान व्हावं म्हणून सहा-सात फुसकारे. झालं, तेलकट इंद्रधनुष्यासारखे पट्टे, पुसले की इकडून तिकडे जातात पण निघत नाहीत. घाम फुटला. शेवटी अर्धा तास गार होऊ दिलं, हलक्या ओल्या फडक्याने पुसलं आणि एकच फुसकारा मारून परत केलं तेव्हा गेले. म्हणजे गाडी गार हवी, सावलीत हवी, आणि हात आखडता हवा. गडद रंगाच्या गाडीवर तर नक्कीच. पुढच्या काचेवर मी मारला नाही, वायपरखाली पाणी धूसर पसरायला नको म्हणून.

सोडलेल्या गोष्टी पण सांगतो, कारण वेळ नव्हता: दरवाजांच्या आतल्या कडा, मागच्या बंपरचा खालचा भाग, प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या. दुसरा हात मारला तो फक्त बॉनेट, टप आणि आरशांवर, पक्षी आणि किडे तिथेच येतात. सोमवार रात्रीपर्यंत गाडी कोरडी पार्किंगमध्ये राहिली हे नशीब.

मग प्रवास. ताम्हिणीत धो धो पाऊस, माणगावपासून पुढे नेहमीचं, कशेडीच्या पुढे एका डंपरच्या मागे वीस मिनिटं. सकाळी घरी पोचलो तर चुलतभाऊ ओटीवरून, "काय रे, नवीन घेतलीस की काय?" आतून फुललो, वरून म्हटलं छे रे, धुतलीये फक्त.

मंगळवारी सकाळी पोचलो ते २ सप्टेंबरला गौरी-गणपतींचं विसर्जन होईपर्यंत गाडी तिथेच. आंब्याखाली लावायची नाही ठरवूनही आंब्याखालीच लागली, कारण पाहुण्यांच्या गाड्या. तिसऱ्या दिवशी कावळ्याने बरोबर बॉनेटच्या मधोमध. मला दोन-अडीच तासांनी दिसलं. ओला टिश्यू दहा मिनिटं वर ठेवला, उचलला, सगळं त्याबरोबर उचललं गेलं, खाली काही नाही. उन्हात बोट लावून, तिरकं बघून, सगळ्या बाजूंनी बघितलं, किनार नाही. टपावरची जुनी किनार होतीच तुलनेला. आता दोन तास आणि अख्खा दिवस यात फरक आहे हे मान्य, त्यामुळे सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. पण लाल मातीचे शिंतोडे विहिरीच्या चार बादल्या पाण्यात न घासता गेले, ते मात्र त्याचंच.

कशापासून वाचवत नाही तेही लिहितो. परत आल्यावर बॉनेटच्या पुढच्या कडेला दोन ठिकाणी दगडाचे टवके निघालेले दिसले, त्या डंपरची कृपा. असल्या स्प्रेने काय किंवा अठरा हजारांच्या कोटिंगने काय, दगड अडत नाही, त्याला पीपीएफच, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्मच लागते, ती चांगली दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड फिल्म असते, तीच धक्का झेलते, आणि तिचे पैसे ऐकून मी शांतपणे टच-अप पेन घेतलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पण येतात, वर थेंब गोल उभे राहतात ना, ते तसेच वाळले की उलट जास्तच उठून दिसतात. त्यामुळे धुतल्यावर पुसावी लागतेच, त्यातून सुटका नाही.

आज साडेतीन महिने झाले. टप आणि बॉनेटवर, म्हणजे जिथे दोन हात आहेत तिथे, अजून पाण्याचे टपोरे थेंब धरतात. दरवाजांच्या वरच्या भागात धरतात पण आळशी झालेत, आणि खालच्या फूटभर पट्ट्यात, चाकांच्या मागे, ऑक्टोबर संपता संपताच सगळं गेलं होतं, पाणी सपाट चादरीसारखं उतरतं. बाटलीवर महिन्यांचे मोठमोठे आकडे असतात, ते वर्षभर ट्रंकेत ठेवलेल्या गाडीचे असावेत, आपल्याकडे तीन-चार महिन्यांचा हिशोब धरा. तक्रार नाही, कारण परत मारायला चाळीस मिनिटं लागतात आणि बाटली अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे.

मार्क द्यायचे तर क्ले किटला दहापैकी नऊ, एक कापला तो वंगणाचा स्प्रे क्लेच्या मानाने कमी पडतो म्हणून. सिरॅमिक स्प्रेला आठ. आयर्न रिमूव्हरला सात, वासाचे तीन कापले. ज्यांच्याकडे फक्त दोनच तास आहेत त्यांनी काय करावं असं ऑफिसात एकाने विचारलं, तर त्याला म्हटलं, दोन बादल्यांनी धू, फक्त बॉनेट, टप आणि पुढच्या बंपरवर क्ले फिरव, तेवढ्यावरच स्प्रे मार आणि नीघ.

गाडी पुसणाऱ्या दादांना दोन मायक्रोफायबर दिलीत, निळी फक्त माझ्या गाडीची म्हणून. काल सकाळी बघितलं तर निळ्या फडक्याने चौथ्या मजल्यावरच्या काकांची ॲक्टिवा पुसत होते.